मांजराच्या सामानाची तपासणी: पिसवांचे थेंब, जंताची गोळी आणि वाळूचा डबा

पेट शॉपमध्ये मांजराच्या आरोग्याच्या नावाने आता एक अख्खी मांडणी असते. थेंब, पावडरी, कॉलर, शाम्पू, पेस्ट, जंताच्या गोळ्या. तालुक्याच्या गावी पेट शॉप नसलं तर हेच सामान गुरांच्या औषधांच्या दुकानातून नाहीतर नेहमीच्या मेडिकलमधून येतं. यातलं काय घरात असावं, काय दुकानातच राहू द्यावं आणि कुठली वस्तू कोणत्या दुखण्यात खरी उपयोगी पडते, ते इथे वस्तुवार पाहू.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पुडक्यावरचं मांजराचं चित्र पाहून औषध घेऊ नका. पुडकं उलटं करा आणि घटकाचं नाव वाचा. मांजराचं यकृत माणसासारखं किंवा कुत्र्यासारखं काम करत नाही. आपल्या शरीरात सहज मोडणारी कित्येक औषधं मांजराच्या शरीरात तशीच साचून राहतात. म्हणून 'कुत्र्याला चालतं ना, मग मांजराला थोडं कमी देऊ' हा हिशेब इथे चुकतो, आणि चुकला की जीवावर बेततं.

पिसवांवरचे थेंब

आधी पिसवा आहेत का ते बघा. पिसू क्वचितच दिसते, तिची विष्ठा मात्र हमखास सापडते. पांढरा टिश्यू पेपर ओला करून मांजराखाली धरा आणि बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर विंचरा. कागदावर काळे कण पडतील. दोन मिनिटं थांबा. कणाभोवती तांबूस वलय पसरलं तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसवा आहेत. नाही पसरलं तर ती नुसती धूळ. पाठीवरून हात फिरवताना मोहरीएवढ्या खपल्या हाताला लागणं हीही पिसवांच्या ॲलर्जीची खूण. ही धातूची फणी मांडणीवरच्या स्वस्त वस्तूंपैकी एक आहे आणि ती प्रत्येक घरात असायलाच हवी.

औषधांमध्ये 'फ्रंटलाइन प्लस'ची मांजरांसाठीची नळी आम्ही पहिल्या पसंतीला ठेवतो. अर्धा मिलिलिटरच्या नळीत फिप्रोनिल 50 मिलिग्रॅम आणि एस-मेथोप्रीन 60 मिलिग्रॅम असतं. फिप्रोनिल पिसू मारतं. एस-मेथोप्रीन तिची अंडी आणि अळ्या वाढू देत नाही, आणि खरी किंमत या दुसऱ्या घटकाची आहे. एक मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालू शकते. ती अंडी मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, घरंगळून गोधडीत, सोफ्याच्या शिवणीत, फरशीच्या फटीत जातात. नुसती मोठी पिसू मारली तर घरातला साठा तसाच राहतो. 8 आठवड्यांवरच्या आणि 1 किलोपेक्षा जास्त वजनाच्या मांजराला एक नळी, महिन्यातून एकदा.

लावण्यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे थेंब केसांवर पडतात. मानगुटीच्या वरच्या टोकाला, कवटी संपते तिथले केस दोन्ही बाजूंना सारून गुलाबी कातडी दिसू द्या, नळीचं टोक कातडीला टेकवा आणि एकाच जागी सगळं पिळा. चोळू नका. खांद्याच्या खाली लावलं तर जीभ पोचते. मांजराने चाटलं तर तोंडाला भरपूर फेस येतो आणि घरचे घाबरतात. हा फेस बहुतेक वेळा औषधाच्या कडू चवीमुळे येतो. पाणी किंवा ओलं खाणं पुढे ठेवलं की थोड्या वेळात थांबतो. दुसरी चूक आंघोळीची. हे औषध कातडीच्या तेलावर पसरतं आणि तेलग्रंथींत साठून राहतं. शाम्पूने ते तेलच धुतलं गेलं तर औषध पसरणार कशावर? लावण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात दोन मांजरं असतील तर जागा वाळेपर्यंत त्यांना एकमेकांना चाटू देऊ नका. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यावर कधीही वापरू नका, सशाला ते विषारी आहे.

'लावलं पण पिसवा परत दिसल्या, औषध खोटं आहे' ही या थेंबांबद्दलची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा औषध खोटं नसतं. पिसूचा कोष चिवट असतो, त्यात कुठलंच औषध शिरत नाही, आणि आतली पिसू आठवडे, कधी महिनेसुद्धा थांबून राहते. ती बाहेर पडून मांजरावर उडी मारते, औषध लागून मरते, पण मरायला चोवीस तास घेते. तेवढ्यात ती आपल्याला दिसते. म्हणून घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, ज्याचं त्याचं औषध, सलग तीन महिने. जोडीला मांजराची चादर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, गोधड्या कडक उन्हात टाकायच्या, सोफ्याखाली आणि पलंगाखाली झाडू नाही तर व्हॅक्यूम फिरवायचा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, हवा दमट असते आणि पिसवांचं फावतं. तेव्हा जून ते सप्टेंबर एकही महिना चुकवू नये.

सेलामेक्टिनचे थेंब हा दुसरा चांगला पर्याय, आणि कानातल्या किड्यांचा त्रास असेल तर पहिला. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, कोरडा, भुगाभुगा मळ दिसतो आणि मांजर कान खाजवून मागे जखम करून घेतं. हे कानातले माइट. सेलामेक्टिन मानेवरच लावायचं, ते रक्तातून कानापर्यंत पोचतं. पिसवा, गोलकृमी आणि अंकुशकृमी यांच्यावरही ते चालतं, टेपवर्मवर, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या जंतावर, चालत नाही. 2.6 ते 7.5 किलोच्या मांजरासाठी 45 मिलिग्रॅमची नळी येते. कानात बड घालून मळ काढायच्या फंदात पडू नका, तो आणखी आत ढकलला जातो. माणसाचे कानाचे थेंबही नकोत, पडद्याला भोक असेल तर बहिरेपण आणि तोल जाणं दोन्ही संभवतं.

आता दुकानातच राहू द्यायच्या वस्तू. कुत्र्यांच्या कित्येक थेंबांमध्ये आणि पावडरींमध्ये परमेथ्रिन असतं. गुरांच्या गोचिडांवर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि अमित्राझ मिळतं. गावाकडे तेच बादलीत कालवून मांजराला पुसतात. यातलं एकही नाव घटकांत दिसलं तर बाटली परत ठेवा. परमेथ्रिन लागलेल्या मांजराचे आधी कान आणि कातडी थरथरायला लागतात, मग चाल अडखळते, मग झटके येतात. काही तासांत सुरू होतं, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. असं झालं तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण घेऊन औषध लागलेली जागा धुवा. गरम पाणी नको, त्याने कातडीत औषध जास्त मुरतं. दूध पाजू नका, उलटी करवू नका. टॉवेलात गुंडाळून थेट पशुवैद्याकडे, आणि पुडकं सोबत न्या.

टी-ट्री तेल आणि कापूर 'नैसर्गिक' म्हणून विकले जातात, मांजराला दोन्ही विषारी. कुठलीही पावडर मांजर चाटून पोटात घालणारच. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला थेंब लावू नका. फणी, कोमट पाण्याने झटपट आंघोळ, लगेच कोरडं करणं, आणि हिरड्यांकडे लक्ष. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषून ॲनिमिया झालेला असतो, तेव्हा त्याच दिवशी दवाखाना.

जंताची गोळी

प्राझिक्वांटेल 20 मिलिग्रॅम आणि पायरँटेल 230 मिलिग्रॅम असलेली मांजराची गोळी घ्या. आपल्याकडे 'किवॉफ कॅट' या नावाने मिळते. 4 किलो वजनाला एक गोळी, 2 किलोला अर्धी. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमी काढतं, प्राझिक्वांटेल टेपवर्म. शेपटीखाली किंवा मांजर झोपतं त्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे, कधी वळवळणारे तुकडे दिसले तर तो टेपवर्म. वाळले की ते तिळासारखे दिसतात. मांजराला तो मिळतो पिसू गिळल्याने. म्हणून गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या की तीन आठवड्यांत तांदूळ परत दिसतो आणि दोष गोळीला लागतो. थेंब आणि गोळी एकाच आठवड्यात द्या.

सहा आठवड्यांखालच्या पिल्लाला ही गोळी देत नाहीत. त्याला तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पातळ औषध द्यायचं असतं, पण ते पिल्लाचं वजन करून डॉक्टरने मोजून द्यावं. फुगलेलं पोट आणि बारीक हातपाय असलेलं पिल्लू 'गुबगुबीत' म्हणून कौतुकाने दाखवलं जातं. ते जंतांचं पोट असतं.

गोळी देण्याची रीत नीट समजून घ्या, कारण निम्म्या गोळ्या सोफ्याखाली सापडतात. मांजराला टॉवेलात लपेटून मांडीत पाठमोरं बसवा. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट वरून गालाच्या दोन्ही हाडांवर ठेवा, डोकं मागे झुकवा. नाक छताकडे गेलं की खालचा जबडा आपोआप थोडा सुटतो. उजव्या हाताने गोळी जिभेच्या अगदी मुळाशी टाका, समोर टाकली तर थुंकणारच. तोंड मिटवा, गळ्यावरून हात फिरवा. आणि मग सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून 3 ते 5 मिलिलिटर पाणी हळूहळू पाजा. हे पाणी टाळू नका. मांजराच्या अन्ननलिकेत कोरडी गोळी अडकून बसते. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी अडकली तर आतून भाजतं, आणि पुढे नळी आकसून मांजराला गिळताच येत नाही.

वाळू: सर्वात जास्त बोलणारी वस्तू

डब्यातली वाळू, म्हणजे लिटर, बहुतेक लोक वासाच्या सोयीने निवडतात. आम्ही ती निदानाच्या सोयीने निवडतो, आणि त्या कसोटीवर बेंटोनाइट या मातीची, गोळा बांधणारी, बिनवासाची, बारीक वाळू सगळ्यांत वर येते. लघवी पडली की तिचा घट्ट गोळा होतो. गोळे मोजता येतात, त्यांचा आकार दिसतो. निरोगी मोठ्या मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे. हा आकडा घरातल्या एका माणसाला पाठ असला पाहिजे.

गोळे मोठे मोठे होत चालले आणि पाण्याचं भांडं लवकर रिकामं होऊ लागलं, तर मूत्रपिंडाचं दुखणं किंवा मधुमेह. म्हाताऱ्या मांजरात हे फार सामान्य आहे आणि वजन उतरायच्या आधीच वाळूत दिसतं. रुपयाच्या नाण्याएवढे आठ-दहा गोळे, म्हणजे मूत्राशयाला सूज. आणि बोका डब्यात बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, उठून पुन्हा बसतोय, पण वाळू कोरडी: हा मांजरांच्या घरगुती दुखण्यांतला सर्वात मोठा धोका आहे. लघवी तुंबली आहे. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फार अरुंद असते. बारीक खडे, चिकट श्लेष्मा किंवा नुसता आखडलेला स्नायूसुद्धा ती बंद करतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम चढतं, आणि ते हृदय थांबवतं. हातात 24 ते 48 तास असतात, आणि त्यातले किती आधीच गेले हे कोणाला ठाऊक नसतं.

घरचे याला बद्धकोष्ठ समजतात. बसण्याची ढब सारखीच दिसते म्हणून हा घोटाळा होतो. मग एरंडेल, केसांच्या गोळ्याची पेस्ट, दुकानातली 'युरिनरी' पावडर यांत एक रात्र जाते. फरक ओळखायचा तर वाळू बघा: आज ओला गोळा आहे का? नसेल तर रात्र असो वा रविवार, निघायचं. पोटात लिंबासारखं टणक काही हाताला लागलं तर ते भरलेलं मूत्राशय आहे. दाबू नका, फुटतं. डॉक्टर नळी घालून ते मोकळं करतात. खास युरिनरी आहाराने काही जातीचे खडे विरघळतात, पण नळी मोकळी झाल्यावर, आणि आठवडे लागतात.

बाकीच्या वाळूंबद्दल थोडक्यात. सिलिकाचे मणी वास छान धरतात, पण लघवी शोषून घेतात आणि काहीच दाखवत नाहीत. लाकडाच्या गोळ्यांचा भुसा होतो, मोजता येत नाही. टोफूची वाळू संडासात टाकता येते, धूळ कमी, पण सोयाबीनची असल्याने पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत बुरशी धरते. लहान पोत्यात घ्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. बांधकामाची रेती फुकट असली तरी तिच्यात बाहेरच्या मांजरांची घाण आलेली असते. दोन-तीन महिन्यांखालच्या पिल्लांना गोळा बांधणारी वाळू देऊ नका, ती चाखून बघतात आणि पोटातही तिचा गोळाच होतो.

डबा मोठा हवा, मांजराच्या लांबीच्या दीडपट. पेट शॉपमधले बरेच डबे मोठ्या बोक्याला तोकडे पडतात. भांड्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा उथळ टब जास्त चांगला. वाळूचा थर 5 ते 7 सेंटिमीटर. मांजरं जितकी, त्याहून एक डबा जास्त. शी रोज काढा. मांजराच्या शीतून पसरणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस घेतात, त्यामुळे रोजच्या सफाईने तो धोका बराच सरतो. तरी घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं.

थर्मामीटर, काटा आणि मेडिकलची गोळी

मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर मेडिकलमधून घ्या आणि त्यावर मार्करने 'मांजर' लिहून ठेवा. टोकाला व्हॅसलीन, शेपटी वर, गुदद्वारातून एक-दोन सेंटिमीटर आत. मांजराचं नेहमीचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. इथे मोठा घोटाळा होतो. माणसाच्या 98.6 ची सवय असलेल्याला 101.5 म्हणजे ताप वाटतो, आणि निरोगी किंवा किंचित मलूल मांजराला पॅरासिटामॉल दिलं जातं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपल्या घरांत 500 आणि 650 च्या गोळ्या असतात, त्यातली अर्धीसुद्धा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-करड्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास भरभर चालतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा दवाखान्यात देता येतो, पण लवकर गेलं तरच. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनही स्वतःहून देऊ नये.

वजनासाठी बॅग तोलायचा लटकता डिजिटल काटा आम्हाला सर्वात सोयीचा वाटतो. मांजर कॅरिअरमध्ये, कॅरिअर काट्याला, मग रिकाम्या कॅरिअरचं वजन वजा. महिन्यातून एकदा कॅलेंडरवर आकडा लिहा. 4 किलोच्या मांजराचे 200 ग्रॅम गेले की डोळ्यांना काहीच कळत नाही, पण ते वजनाचे 5 टक्के आहेत. पिल्लासाठी स्वयंपाकघरातला काटा चालतो. दिवसाला साधारण 10 ग्रॅम वाढ हवी, दोन दिवस काटा हलला नाही तर काहीतरी बिघडलंय. आणि मोठ्या, विशेषतः जाड मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर 'रुसलंय' म्हणून वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ दुखण्यापेक्षा तेच भारी पडतं.

उरलेली मांडणी

नायट्याचे गोल, केस गेलेले, कोंडा सुटलेले चट्टे दिसले की मेडिकलमधली तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावली जाते. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. चट्टा आठवडाभर दबतो आणि मग दुप्पट पसरतो, शिवाय मांजर ती चाटतं. मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडीन, दोन्ही 2 टक्के, असा शाम्पू घ्या. आठवड्यातून दोनदा लावायचा, फेस 10 मिनिटं अंगावर ठेवायचा. पोटातून इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतील. घरातल्या मुलांच्या हातापायांवर चट्टे आहेत का तेही बघा.

डोळ्यांच्या थेंबांतही तीच अडचण. नावाच्या शेवटी 'डी' किंवा घटकांत डेक्सामेथासोन असेल तर घालू नका. मांजरांत डोळा लाल होण्यामागे हर्पिस विषाणूची जखम पुष्कळदा असते आणि स्टिरॉइडने ती खोल जाते. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसा, बाकी डॉक्टरांवर सोडा.

केसांच्या गोळ्याची माल्ट पेस्ट निरुपद्रवी आहे, अधूनमधून चालेल. पण मांजर मान पुढे ताणून, जमिनीला चिकटून खोकतं आणि बाहेर काहीच पडत नाही, असं वारंवार होत असेल तर तो दमा असण्याची शक्यता मोठी. पेस्टने वेळ जातो. तोंडात सिरिंजने तेल किंवा पॅराफिन ओतणं तर कधीच नको, ते थेट फुप्फुसात उतरतं.

लस मात्र दुकानातून कुपी आणून घरी टोचायची वस्तू नाही. ती 2 ते 8 अंश सेल्सिअसला राहिली की नाही हे कुपीकडे पाहून कळत नाही. पॅनल्युकोपेनियासारखा विषाणूचा रोग झाल्यावर त्याला मांडणीवर काहीच औषध नाही. अशा रोगानंतर फरशी पुसायला फिनेलऐवजी पातळ ब्लीच वापरा, एका भागाला 32 भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा आणि वाळल्यावरच मांजराला येऊ द्या. त्या विषाणूवर ब्लीच चालतं. फिनेल पंजांना लागून चाटण्यात येतं.

शेवटची वस्तू कॅरिअर. वरून उघडणारा आणि मधून दोन भाग होणारा घ्या. घाबरलेल्या मांजराला खेचून काढावं लागत नाही, वरचा भाग उचलला की डॉक्टर खालच्या टोपलीतच तपासतात. तो माळ्यावर ठेवू नका. दार काढून, आत जुनी चादर टाकून हॉलच्या कोपऱ्यात कायम राहू द्या, कधीमधी आत खाऊ ठेवा. रात्री दोन वाजता बोका डब्यात कुंथत असेल तेव्हा पलंगाखालून त्याला काढण्यात अर्धा तास जाणार नाही.